पाच वर्षांनी कोणतं कौशल्य लागेल, हे आज कसं ओळखायचं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीतून एक चक्कर मारली, की कारखान्यांच्या फाटकांवर ‘पाहिजेत’चे बोर्ड दिसतात. व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मशीनिंग यंत्र) ऑपरेटर, फेटलर (ओतीव भाग घासून साफ करणारा), मेंटेनन्स फिटर, क्वालिटी इन्स्पेक्टर. मालकाला विचारा, तो म्हणतो माणसं मिळत नाहीत. आयटीआय झालेल्या पोराला विचारा, तो म्हणतो इथं काम मिळत नाही, मिळालंच तर पगार परवडत नाही, त्यापेक्षा चाकण बरं. दोघंही खरंच बोलतात. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे उलगडल्याशिवाय पुढच्या काळातल्या कौशल्यांच्या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही.

कौशल्यांच्या गरजेचा आधी अंदाज घेण्याचं काम जगात बरीच वर्षं चाललंय. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं शेकडो व्यवसायांचे पुढच्या दहा वर्षांचे अंदाज छापतं. युरोपीय संघाची सेडेफॉप ही संस्था ग्रीसमधल्या थेसालोनिकीत बसून सगळ्या सदस्य देशांसाठी तेच करते. ब्राझीलमध्ये सेनाई ही १९४२ पासूनची औद्योगिक प्रशिक्षण संस्था कोणतं तंत्रज्ञान कधी कारखान्यात पोचेल, यावरून आपले अभ्यासक्रम ठरवते. आपल्याकडेही मनुष्यबळाच्या नियोजनासाठी १९६२ मध्येच दिल्लीत इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड मॅनपॉवर रिसर्च सुरू झाली. म्हणजे पद्धती आहेत. अडतं ते देशाचा आकडा आणि जिल्ह्यातला निर्णय यांच्यामधल्या अंतरावर.

निर्णय कुणाचा, मुदत किती

अंदाज बांधायला बसण्याआधी एकच विचारायचं: यावरून कोण काय ठरवणार? कारखानदाराला दिवाळीपर्यंत तीन एचएमसी (आडव्या मशीनिंग यंत्राचे) ऑपरेटर हवे असतात. त्याला २०३५ चं भाकीत नको असतं, हातातल्या ऑर्डरी आणि शेजारचा कारखाना काय पगार देतो एवढं पुरतं. दहावी झालेल्या मुलाच्या घरच्यांना फिटरची दोन वर्षं आणि डिप्लोमाची तीन वर्षं यातलं निवडायचं असतं, म्हणजे त्यांची नजर दोन-तीन वर्षांपुढं असते. आयटीआयचं गणित याहून लांबचं. नवा ट्रेड, म्हणजे एका कामाचा अभ्यासक्रम, काढायचा तर मंजुरी, शेड, वाढीव वीजजोडणी, यंत्रांची निविदा, निदेशकांची भरती, आणि हे सगळं जमल्यावर अभ्यासक्रमाची दोन वर्षं. ठरवल्यापासून पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात, आणि घेतलेलं यंत्र पुढं पंधरा वर्षं वापरावं लागतं.

अंदाजाची मुदत या विलंबाएवढी असावी. जे काम शिकाऊ उमेदवार घेऊन वर्षभरात निभावतं, त्यासाठी पाच वर्षांचा अंदाज करत बसू नये. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. दरवर्षी बदलता येणारं हे साधन आहे. लांबचा अंदाज फक्त इमारत, मोठी यंत्रं आणि निदेशक अशा सहज न बदलणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवावा. हे भान नसल्यामुळे आपले बरेचसे अहवाल कुणाच्याच कामाचे उरत नाहीत, असं आमचं मत.

रिकाम्या जागा येतात कुठून

‘उद्योग वाढला की नोकऱ्या’ हे अर्धंच खरं. समजा जिल्ह्यात सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या, यंत्रावर काम करणारे १०,००० जण आहेत. हा आकडा फक्त हिशोब समजावण्यासाठी धरलेला. उत्पादन वर्षाला ६ टक्के वाढतंय, पण चांगल्या टूलिंगमुळे आणि एका माणसाकडे दोन यंत्रं दिल्यामुळे माणशी उत्पादनही ४ टक्क्यांनी वाढतंय. मग माणसांची गरज वाढते साधारण २ टक्क्यांनी, म्हणजे २०० नव्या जागा. निवृत्ती, आजारपण, मृत्यू यांतून वर्षाला अडीच टक्के माणसं जातात असं धरू: २५०. आणखी ५ टक्के हे काम सोडून स्वतःचं दुकान, ड्रायव्हिंग, शेती किंवा पुण्याची वाट धरतात: ५००. वर्षभरात भरायच्या जागा झाल्या ९५०, आणि त्यातल्या वाढीतून आलेल्या फक्त २००.

आता माणसांच्या गरजेतली वाढ शून्य धरा. तरी ७५० जागा निघतातच. ती गरज ३ टक्क्यांनी घटली तरी ४५० माणसं घ्यावी लागतात. म्हणूनच ‘हा ट्रेड संपला’ असं ऐकून आयटीआयनं तुकडी बंद करण्याची घाई करू नये, आणि ‘या क्षेत्रात बूम आहे’ असं ऐकून चार तुकड्या काढण्याचीही करू नये. अमेरिकी खातं आपल्या अंदाजात वाढीतून येणाऱ्या जागा, कामकरी जगातूनच बाहेर पडणारे आणि व्यवसाय बदलणारे असे तीन आकडे वेगळे दाखवतं. आपल्याकडच्या अहवालांत बहुधा पहिलाच असतो.

तिसरा आकडा, काम सोडून जाणाऱ्यांचा, फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, सगळ्यात महत्त्वाचा. कोल्हापूरच्या भट्ट्यांवर आणि फेटलिंगवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची माणसं मोठ्या संख्येनं आहेत. होळीला किंवा छठला गावी गेलेली सगळीच परतत नाहीत. इथं जागा रिकामी होते ती उष्णता, धूळ, आवाज, खोलीची सोय आणि गावाकडे मिळणाऱ्या मजुरीमुळे. अशा जागेसाठी नवीन पोरं शिकवत राहिलं तर ती शिकतात आणि तीही जातात. हिशोबात हा आकडा ५ वरून ३ टक्क्यांवर आला, तर वर्षाला २०० माणसांचं प्रशिक्षण वाचतं. धूळ ओढणारी यंत्रणा आणि राहण्याची खोली हा खर्च कौशल्याच्या अहवालात का लिहिला पाहिजे, ते यावरून कळावं.

आकडा मोठा केला की चूकही मोठी

१९६० च्या दशकात ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेनं ग्रीस, इटली, पोर्तुगाल, स्पेन, तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हिया या सहा देशांसाठी मोठा खटाटोप केला. राष्ट्रीय उत्पन्नाचं लक्ष्य घ्यायचं, त्यातून प्रत्येक उद्योगाचं उत्पादन काढायचं, त्यातून लागणारी माणसं, मग त्यातले इंजिनिअर किती नि तंत्रज्ञ किती, आणि शेवटी कॉलेजच्या जागा. कागदावर नेटकं. गोम अशी की प्रत्येक पायरीवर एक प्रमाण कायम धरलेलं होतं. चार पायऱ्यांवर प्रत्येकी १० टक्क्यांची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटचा आकडा ४६ टक्क्यांनी फुगतो. शिवाय इंजिनिअर मिळाला नाही तर कारखाने अनुभवी डिप्लोमावाल्याकडून काम करून घेतात, ही साधी गोष्ट त्या गणितात बसतच नव्हती. भारतातही त्या दशकात इंजिनिअरिंगच्या जागा वाढवल्या, आणि १९६६-६७ च्या मंदीनंतर इंजिनिअर बेकार फिरू लागले.

तीच गंमत २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाची. २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करायचं लक्ष्य त्यात होतं. इतक्या गोल आकड्यावरून कोणत्या तालुक्यात कोणता ट्रेड काढायचा, हे काही ठरत नाही. पुढं ते लक्ष्य मागंच पडलं.

दुसरी चूक बाजारच करतो. यंदा टोमॅटोला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळे टोमॅटो लावतात आणि भाव कोसळतो. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकी इंजिनिअरांच्या बाबतीत नेमकं हेच चक्र दाखवलं. फरक इतकाच की टोमॅटोचं चक्र काही महिन्यांत फिरतं आणि इंजिनिअरचं चार वर्षांत. २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी धडाधड भरती केली, ती बघून कॉम्प्युटर शाखेला झुंबड उडाली, २०२३ मध्ये भरती थंडावली. तेव्हा प्रवेश घेतलेली मुलं बाहेर पडली ती बाजार बदलल्यावर. आजचं पॅकेज बघून शाखा निवडणारा माणूस चार वर्षांपूर्वीच्या टंचाईवर पैसे लावत असतो. अंदाज घेण्याचा खरा उपयोग इथं आहे: पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्याच ट्रेडमधून किती जण बाहेर पडणार आहेत हे आधीच माहीत असतं, कारण ते आज वर्गात बसलेले असतात. एवढी एक यादी जरी प्रवेशाच्या वेळी भिंतीवर लावली, तरी बरंच काम होईल.

देशाचं सर्वेक्षण आणि कोल्हापूरचा मोल्डर

रोजगाराची देशपातळीवरची मुख्य माहिती पीएलएफएस या श्रमबल सर्वेक्षणातून येते. ते २०१७-१८ पासून सुरू आहे. जानेवारी २०२५ पासून नमुना वाढवून साधारण २.७२ लाख घरं केली आणि मासिक आकडेही येऊ लागले. मोठं वाटतं. पण देशातल्या साडेसातशेहून जास्त जिल्ह्यांत विभागलं, तर जिल्ह्याला सरासरी साडेतीनशे घरं येतात. त्यात चंदगड, आजरा, शाहूवाडीची शेतीवाली घरंही आली. घरामागे दीड कमावतं माणूस धरलं तर पाचशेच्या आसपास कामकरी. शंभरात एक मोल्डर (वाळूचा साचा करणारा) किंवा कोअरमेकर (साच्याच्या आतला गाभा करणारा) असला तरी हाती लागतात पाच जण. पाच जणांच्या उत्तरांवर ट्रेड काढता येत नाही. त्यातून कारखान्याच्या आवारातल्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार घरोघरच्या सर्वेक्षणातून सुटण्याची शक्यता मोठी.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. आपलं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ चं आहे आणि त्याचे पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळतात. ७२११ म्हणजे धातूचे मोल्डर आणि कोअरमेकर, ७२१२ वेल्डर, ७२२३ मशीन टूलचे सेटर आणि ऑपरेटर, ८१५२ विणकाम यंत्राचे ऑपरेटर, ७५३६ चप्पल-बूट बनवणारे. आता बघा, उद्यमनगरातल्या जुन्या लेथवरचा टर्नर आणि कागलच्या कारखान्यात पाच अक्षांच्या यंत्रावर प्रोग्रॅम लावणारा मुलगा, दोघंही ७२२३. दहा वर्षांत सगळं लेथकाम सीएनसीवर गेलं तरी या सांकेतांकातली संख्या तीच राहू शकते. आकडा हलत नाही आणि कौशल्य पूर्ण बदललेलं असतं.

इतर नोंदींतून तुकडे जोडावे लागतात. पीएफच्या नोंदीत वय आणि पगार असतो, पण माणूस काय काम करतो ते नसतं. तरी एखाद्या उद्योगात पन्नाशीपुढचे किती, हे त्यातून निघतं आणि निवृत्तीचा आकडा हाती लागतो. वार्षिक उद्योग सर्वेक्षणात नोंदणीकृत कारखाने येतात, चार-सहा माणसांची जॉबवर्कची शेड येत नाही. आणि हुपरीचा चांदी कारागीर किंवा कोल्हापुरी चप्पल शिवणारा तर घरातच शिकतो, कुठल्याच प्रवेश यादीत नसतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमुळे ती जगभर चर्चेत आली. असा उठाव कुठलंही गणित आधी सांगू शकत नाही. आधी मोजता येतं ते एवढंच की आज हे काम येणारे किती, त्यांचं वय काय, आणि त्यांच्या घरात पुढं कुणी शिकतंय का.

‘ऑपरेटर’ या शब्दाच्या आत

माणसं किती लागतील, याच्याइतकंच ती काय करतील हे बघावं लागतं, आणि ते कामाच्या अगदी जवळ जाऊनच कळतं. हिरव्या, म्हणजे ओलसर, वाळूच्या साच्याचंच घ्या. पूर्वीचा मोल्डर मूठभर वाळू दाबायचा, मोडून कड कशी तुटते ते बघायचा आणि पाणी मारायचं की नाही ते ठरवायचा. आज हाय-प्रेशर लाइनवर तेच काम पडद्यावर दिसतं: ओलावा ३ ते ४ टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू दाबल्यावर किती बसते ते) ४० टक्क्यांच्या आसपास, सोबत ताकद आणि हवा आरपार जाण्याची क्षमता. बटण दाबायला फार शिकावं लागत नाही. खरी परीक्षा रिजेक्शन वाढलं की होते. समजा वापसीची वाळू ५० अंशांच्या वर गरम येतेय. मिक्सरजवळ ओलावा बरोबर दिसतो, पण साच्यापर्यंत पोचेतो तो उडून जातो. वाळू पॅटर्नला चिकटते, कडा झडतात, कास्टिंगमध्ये वाळू सापडते. ऑपरेटर बिचारा पाणी वाढवतो. आता ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडणारी भोकं, येतात. वाळू गार करायची सोडून पाण्याशी खेळत राहिलं, तर एका पाळीत टनावारी माल भंगारात जातो.

म्हणजे लागणारं कौशल्य आहे चार आकडे एकत्र वाचून कारण शोधण्याचं. ‘मशीन मोल्डिंग ऑपरेटर, ५० जागा’ असं लिहिणाऱ्या अहवालात ते कुठंच दिसत नाही.

साध्या ग्रे आयर्नवरून एसजी आयर्नवर (ग्राफाइटचे गोळे असलेलं चिवट बीड) गेलेल्या फाउंड्रीतही असंच. मॅग्नेशियमची प्रक्रिया केली की घड्याळ सुरू होतं. साधारण दहा मिनिटांच्या आत रस ओतला नाही तर मॅग्नेशियम उतरत जातं, ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि कास्टिंग ठिसूळ होतं. लेडल (रस ओतायचं भांडं) धरणाऱ्या माणसाला पूर्वी रस किती तापलाय हे कळलं की भागायचं, आता वेळही सांभाळावी लागते. ॲल्युमिनियमकडे वळलं तर दुखणंच बदलतं: वितळलेला धातू हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन ओढतो, गॅस नीट काढला नाही तर आत सूक्ष्म छिद्रं राहतात आणि ती मशीनिंग झाल्यावर किंवा गळती तपासताना उघडी पडतात.

हे सगळं कागदावर आणायची एक चांगली रीत आहे, तिला डॅकम म्हणतात. कॅनडात १९६० च्या दशकात ती निघाली. त्या कामात मुरलेली पाच ते बारा माणसं दोन दिवस एका खोलीत बसतात आणि आपलं काम कर्तव्यं आणि कृती यांत फोडून भिंतीवर लावतात. साहेबांना नको, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना बसवायचं. ‘कोणतं कौशल्य लागतं?’ असं विचारलं की संवादकौशल्य, टीमवर्क असली छापील उत्तरं येतात. ‘शेवटचं मोठं रिजेक्शन झालं तेव्हा आधी कुणी, काय बघितलं?’ असं विचारावं. मग प्रत्येक कृतीपुढं तीन गोष्टी लिहायच्या: ती किती वेळा करावी लागते, चुकली तर किती नुकसान, आणि येत्या दोन-तीन वर्षांत तिचं यंत्र बदलणार आहे का. तिन्ही रकान्यांत वरचढ असलेल्या कृती अभ्यासक्रमात आधी घ्यायच्या.

इचलकरंजीत साध्या मागावरचा जॉबर कानानं आणि पान्यानं माग लावतो. रॅपियर आणि एअरजेट हे नवे वेगवान माग आले तशी त्याची जागा सेन्सर, ड्राइव्हचे एरर कोड आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं समजणाऱ्यानं घेतली. एअरजेटला लागणारी हवा कोरडी आणि तेलविरहित असावी लागते, म्हणून कॉम्प्रेसर आणि ड्रायर सांभाळणारा माणूस विणकराइतकाच मोलाचा झाला. मीटरमागे विणकर कमी लागतात, देखभाल करणारे जास्त. एकाच शहरात एकाच धंद्यात टंचाई आणि बेकारी शेजारी शेजारी दिसतात ती अशी.

‘माणसं मिळत नाहीत’ याचे चार अर्थ

उद्योजकांचा सर्वे हे सगळ्यांना सुचणारं साधन, आणि सगळ्यात जास्त बिघडणारंही. ‘कुशल मनुष्यबळाची टंचाई आहे का?’ या प्रश्नाला कुणीही ‘नाही’ म्हणत नाही. या एका तक्रारीखाली चार वेगळी दुखणी असतात. उमेदवार आलेच नाहीत. आले, पण पगार आणि पाळी ऐकून गेले. आले, थांबायला तयार होते, पण काम येत नव्हतं. किंवा जागा भरलेली आहे, पण बसलेल्या माणसाला नवं यंत्र झेपत नाही. यातलं फक्त तिसरं आयटीआयच्या हातातलं. चौथ्यावर उपाय कारखान्यातच शिकवण्याचा, दुसऱ्यावर पगाराचा. ब्रिटनमधला उद्योजक कौशल्य सर्वे तिसरं आणि चौथं कटाक्षानं वेगळं मोजतो. आणि खरीखुरी टंचाई असेल तर त्या कामाचा पगार दोन-तीन वर्षांत इतरांपेक्षा जास्त वाढलेला दिसायला हवा. तो जागचा हलला नसेल तर तक्रार तपासून बघावी.

म्हणून प्रश्न झालेल्या गोष्टींवर विचारायचे. गेल्या बारा महिन्यांत कोणत्या कामासाठी माणूस शोधला, जागा किती दिवस रिकामी राहिली, किती जण आले, किती नाकारले आणि का, पगार किती सांगितला, शेवटी काय केलं: ओव्हरटाइम दिला, काम बाहेर दिलं की ऑर्डर सोडली. पगाराचं आणि भरतीचं मालकाला किंवा एचआरला विचारावं, कामातल्या उणिवांचं सुपरवायझरला. ‘पाच वर्षांनी कोणती कौशल्यं लागतील?’ हे मालकाला विचारू नये, त्याची नजर ऑर्डर बुकाच्या पलीकडं सहसा जात नाही. त्याऐवजी येत्या दोन वर्षांत कोणतं यंत्र घेणार, असं विचारावं. यंत्र कळलं की कौशल्य आपण काढू शकतो. मार्चअखेर आणि गणपती-दिवाळीचे आठवडे टाळायचे, प्रश्नावली वीस मिनिटांच्या वर नेऊ नये.

नमुना किती? समजा ३०० फाउंड्री आहेत. ९५ टक्के खात्रीनं, ५ टक्क्यांच्या फरकात उत्तर हवं असेल तर सुमारे १७० उत्तरं लागतात. निम्मेच प्रतिसाद देतील असं धरलं तर ३४० ठिकाणी जावं लागेल, म्हणजे सगळ्यांकडेच. छोट्या जिल्ह्यात नमुना निवडण्याची चैन नसते. मोठ्या कारखान्यांत स्वतः जावं, छोट्यांना असोसिएशनमार्फत गाठावं. आणि उत्तरं जोडताना वजन कारखान्यांना द्यायचं की कामगारांना, हे आधी ठरवावं. नाहीतर आठ माणसांचं वर्कशॉप आणि आठशेचा कारखाना सारखेच मोजले जातात.

ऑनलाइन जाहिराती मोजून अंदाज काढायची पद्धत सध्या जोरात आहे. सेडेफॉप युरोपभरच्या जाहिराती वाचून कौशल्यांचे नकाशे बनवते. इथं मात्र जपून. फेटलर ठेकेदारामार्फत येतो, टर्नर ओळखीनं, बोर्ड फाटकावर लागतो आणि निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो. पोर्टलवरच्या जाहिराती मोजल्या तर कोल्हापुरात फक्त सेल्स, बँक आणि सॉफ्टवेअरचीच माणसं लागतात असं वाटेल.

दुसऱ्या बाजूनं पुरवठा मोजायचा तर आयटीआयमधून बाहेर पडलेल्यांचा माग काढावा लागतो, पास झाल्यावर एका वर्षानं आणि तिसऱ्या वर्षी. पोरं सिम बदलतात, म्हणून प्रवेशाच्या वेळीच आईवडिलांचा आणि गावातल्या एका नातेवाइकाचा नंबर घेऊन ठेवायचा. ज्यांना चांगली नोकरी लागली तेच आनंदानं फोन उचलतात, त्यामुळे न उचलणाऱ्यांपैकी वीस-तीस जणांच्या घरी माणूस पाठवून उत्तरांत किती फरक पडतो ते बघावं. पहिलं काम मिळायला किती महिने लागले, शिकलेल्यापैकी काय वापरतो, जिल्ह्यात आहे की बाहेर, एवढे प्रश्न पुरे. फिटरच्या तुकडीतले निम्मे चाकणला गेले असतील, तर इथल्या टंचाईवर नवी तुकडी हा उपाय नव्हे.

पुढची चित्रं आणि त्यांच्या खुणा

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे फाउंड्रीचं काय होणार, याला एक उत्तर नाही. दोन-तीन चित्रं रंगवून ठेवायची आणि कोणतं खरं होतंय ते ओळखायच्या खुणा ठरवायच्या. इलेक्ट्रिक गाडीला सिलिंडर ब्लॉक आणि हेड लागत नाहीत. ब्रेक ड्रम, हब, ॲक्सल हाउसिंग लागतात. मोटर आणि इन्व्हर्टरची हाउसिंग लागतात, पण ती बहुधा ॲल्युमिनियमची. दुचाकी आणि तीनचाकीत बदल लवकर येतो, ट्रॅक्टर, जनरेटर आणि अवजड ट्रकांत सावकाश. त्यामुळे ज्याचं सगळं काम दुचाकीच्या इंजिनावर आहे आणि जो ट्रॅक्टरचा माल काढतो, त्या दोघांचा धोका सारखा नाही. जिल्ह्याची सरासरी काढणाऱ्याला हे दिसत नाही. इथं सगळ्यात लवकर कळणारी खूण पॅटर्न शॉपमध्ये असते. नव्या पार्टची चौकशी आणि प्रत्यक्ष उत्पादन यांच्यात डिझाइन, नमुने, मंजुरी यांसाठी एखादं-दीड वर्ष सहज जातं. यंदा आलेल्या चौकशांत इंजिनाचे पार्ट किती आणि ॲल्युमिनियमचे किती, हे प्रमाण दर सहा महिन्यांनी लिहून ठेवलं तर आयटीआयला दीड वर्ष आधी इशारा मिळतो. दर मिळतो की नाही, गिऱ्हाईक कोण, हे सांगायची गरज नाही, नुसते प्रकार मोजायचे.

तज्ज्ञांना विचारायचं तर डेल्फी पद्धत वापरतात: नावं झाकून एकेकाचं मत घ्यायचं, सगळ्यांची उत्तरं परत सगळ्यांना दाखवायची आणि पुन्हा विचारायचं. दोन-तीन फेऱ्या. नावं झाकण्याचं कारण उघड आहे, मोठा कारखानदार बोलला की बैठकीत बाकीचे मान हलवतात.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा कौशल्य समिती, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या उद्योजक संघटना, इंजिनिअरिंग असोसिएशन, आयटीआय हे सगळे इथं आहेत. वेळापत्रक प्रवेशावरून उलटं मोजायचं. दहावीचे निकाल आणि प्रवेश मे-जूनच्या सुमारास येतात, म्हणून सर्वे नोव्हेंबर ते जानेवारी, हिशोब फेब्रुवारीत, तुकड्यांचा निर्णय मार्चमध्ये. सगळे व्यवसाय धरू नयेत. दहा-बारा कामं निवडावीत: मोल्डर, मेल्टर, सीएनसी सेटर, मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन, मागाचा जॉबर, आसवनीचा ऑपरेटर, ऊसतोडणी यंत्राचा हायड्रॉलिक मेकॅनिक अशी. प्रत्येकाचं एक पान: आज किती, किती जातात, किती वाढतील, कोणत्या कृती बदलतायत, वर्गात किती आहेत.

आणि जुनं पान फाडू नये. अमेरिकी खातं आपले जुने अंदाज किती चुकले ते स्वतःच तपासून छापतं. इथंही प्रत्येक पानावर गेल्या वर्षीचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहावा. चूक कधी वर, कधी खाली येत असेल तर ती चालायचीच. सलग तीन वर्षं एकाच बाजूला आली, तर सूत्रातला एखादा आकडा मुळात चुकीचा धरलाय. बहुतेक वेळा तो काम सोडून जाणाऱ्यांचा असतो, कारण तो मालकाच्या अंदाजावरून घेतलेला असतो. तिथं हजेरीपट काढून मोजावं: गेल्या वर्षी एक एप्रिलला कामावर असलेल्यांपैकी यंदा एक एप्रिलला किती जण उरले.